खडकाळ वाट व गाडीचें चिलखत

मोटारीची थोरवी तिच्या वेगावरून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु जगांत अशाही वाटा आहेत कीं, जेथें पायीं चालणारा मनुष्य मोटारीच्या सहज पुढें निघून जातो. अशा एका वाटेनें माझ्या मामांच्या पिकअप गाडींतून प्रवास करण्याचा योग मला आला; त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वतांत रुबिकॉन नांवाची सुमारें २२ मैलांची वाट आहे. इ. स. १९५३ मध्यें तेथें जीप गाड्यांचा मेळावा प्रथम भरला. हिमनद्यांनीं घासलेला ग्रॅनाइट व त्यावर पसरलेले, कोठें हंड्याएवढे तर कोठें बैलाएवढे धोंडे, असें तिचें स्वरूप आहे.

निघण्यापूर्वीं आठ दिवस मामा गाडीखालीं निजून काम करीत होते. मीं विचारलें, “मामा, एवढें लोखंड कशाला?” ते म्हणाले, “अरे, खालीं ये आणि तूंच पाहा.” इंजिनाच्या तेलाचा चेंबर, गिअरबॉक्स व पेट्रोलची टाकी हीं गाडीचीं मर्मस्थानें तिच्या पोटाशीं असतात. त्यांखालीं त्यांनीं जाड पोलादी पत्रे बसविले होते. दारांखालची पट्टी म्हणजे गाडीचा उंबरठाच. ती चेपली कीं दारें नीट उघडत नाहींत. म्हणून दोन्ही अंगांस पोलादी नळ्या लावल्या होत्या. या नळ्या बाहेरच्या पत्र्यास न जोडतां खालच्या चॅसीस जोडतात. गाडी धोंड्यावर टेकली कीं तिचा भार नळीवर येतो. नळी पत्र्यास जोडली असती, तर रक्षकच भक्षक झाला असता. अॅल्युमिनियम हलकें खरें, परंतु नरम असल्यामुळें तें खडकावर खरवडून अडकतें. पोलाद जड असूनही घसरून पुढें जातें.

तथापि नुसत्या चिलखतानें कोणी योद्धा होत नाहीं. वाट लागतांच मामांनीं टायरांतील जवळजवळ निम्मी हवा सोडली. मऊ टायर दगडास कवटाळून बसतो. मग मला उतरवून वाटाड्या केलें. पुढें उभें राहून, चाक कोठें ठेवावें हें हाताच्या खुणेनें सांगणें हें माझें काम. मोठा धोंडा दोन चाकांच्या मधून जाऊं द्यावा असें नवख्यास वाटतें. परंतु तोच पोटास लागतो. चाक धोंड्यावर चढविलें, तर पोट उंच राहतें.

दुपारीं एका उतारावर आमच्या पुढील गाडीचा चेंबर फुटला. काळें तेल खडकावरून ओघळून झऱ्याच्या दिशेनें जाऊं लागलें. तेल शोषणारें साहित्य जवळ बाळगण्याचा तेथें नियम आहे. तें घेऊन सर्वजण धांवलों व ओघळ पाण्यास पोंचण्यापूर्वीं थोपविला. इ. स. २००९ मध्यें पाण्याच्या शुद्धतेवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळानें या वाटेच्या स्वच्छतेविषयीं सक्त आज्ञा कां काढली होती, हें मला त्या वेळीं उमगलें. तोंवर पत्रे व नळ्या हा मालकाच्या खर्चाचा प्रश्न आहे, अशी माझी समजूत होती.

नंतर आमची पाळी आली. मामांची दृष्टि माझ्या हातावर खिळली होती. त्यांस धोंडा दिसत नव्हता. छाती धडधडत असतां मीं बोटाबोटानें चाक वर घेवविलें. गाडी कलली, डावी नळी कर्कश आवाज करीत खडकावर टेकली, क्षणभर थांबली आणि सरकून पार झाली. पत्र्यास ओरखडाही नव्हता.

सायंकाळीं मामांनीं प्रत्येक बोल्ट तपासला व पत्र्यांवर अडकलेले खडे आणि वाळलेलें गवत काढून टाकलें. तें गवत तापलेल्या नळकांड्यास लागून पेट घेऊं शकतें.

बालमित्रहो, संरक्षणाची साधनें अवश्य बाळगावीं. पण तीं बेफिकीर होण्यासाठीं नव्हेत. सावधपणें चालूनही एखादा घाव बसतोच. तो आपल्या गाडीपुरताच राहावा, वाटेवरच्या झऱ्यास लागूं नये, एवढ्यासाठीं तीं आहेत.