घोडशिरेतलं पाणी

पहाटे उठलो की पहिलं पाऊल टाकण्याआधी मी टाचेच्या वरची घोडशीर चिमटीत धरून पाहतो. पाय सैल असताना ती चिमटीत थोडी हलते. चवड्यांवर उभं राहिलं की तिची तार होते. पोटरीचं सगळं बळ या बोटभर रुंदीच्या दोरातून टाचेच्या हाडात उतरतं. दोर म्हणायचं कारण असं की तिचे तंतू खाली उतरता उतरता खरोखरच पीळ घेतात.

एकदा माझ्या पायाच्या एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. चरबी पांढरी, पोटरीचे स्नायू राखाडी, आणि मधून उतरणारी एक काळीभोर पट्टी, जणू तिथे काहीच नाही. पण ती पट्टी म्हणजेच घोडशीर ही कंडरा, आणि तिच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. एमआरआयची सारी भिस्त तर पाण्यातल्या हायड्रोजनवर. मग इथलं पाणी मुकं का?

ते मुकं नसतं. त्याचं बोलणं फार लवकर संपतं. तीन टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनचे अणुगर्भ सेकंदाला सुमारे 12 कोटी 80 लाख गिरक्या घेतात. रेडिओलहरीचा धक्का मिळाला की सगळ्यांचा ताल जुळतो, आणि मग सुटत जातो. पेल्यातल्या पाण्यात रेणू सारखे लोळत, उलटत असतात. शेजारच्या अणुगर्भाची चुंबकी ओढ क्षणात इकडची, क्षणात तिकडची, म्हणून ती कुणालाच जाचत नाही आणि ताल सेकंदभर, दोन सेकंदही टिकतो. घोडशिरेतलं पाणी कोलॅजनच्या तंतूंना बिलगून असतं, त्यांच्याच दिशेनं रांग धरून. तिथे शेजाऱ्याची ओढ कायमची, म्हणून ताल एक-दोन मिलिसेकंदांतच मोडतो. नेहमीचं यंत्र साधारण दहा मिलिसेकंदांनी कान देतं, तोवर सगळं शांत झालेलं असतं.

म्हणून संशोधकांनी कान आधी लावायला शिकून घेतलं. अल्ट्राशॉर्ट एको टाइम या पद्धतीत धक्क्यानंतर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत नोंद सुरू होते. मग थोड्या थोड्या उशिरानं पुन्हा पुन्हा नोंदी घ्यायच्या आणि प्रत्येक ठिपक्यापाशी आवाज विरायला किती वेळ लागतो ते आकड्यात मांडायचं. या आकड्याला टी-टू-स्टार म्हणतात. दुखावलेल्या कंडरेत तंतूंची शिस्त विस्कटते, पाणी वाढतं, मोकळं होतं, आणि हा आकडा चढतो. काळी पट्टी अशी बोलू लागते.

मला सगळ्यात मोहून टाकतो तो कोन. चुंबकाच्या दिशेशी तंतू सुमारे 55 अंशांत आले की शेजाऱ्यांची ती ओढ गणितानंच शून्यावर येते, आणि निरोगी कंडराही उजळते. घोट्यामागून वळसा घेणाऱ्या कंडरा नेमक्या त्या वळणावर पांढऱ्या दिसतात. पाऊल जरा खाली झुकवलं की तो उजेड सरकतो. म्हणून मोजणाऱ्याला पाय कसा ठेवला याचा हिशेब आधी ठेवावा लागतो. पाण्याची रांग किती नेकीची असते, याची याहून देखणी साक्ष मला माहीत नाही.

ती रांग धरून ठेवणाऱ्या कोलॅजनची घडण आपल्याच देशात उलगडली. 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीच्या कंडरेवर क्ष-किरण सोडून पाहिले आणि तीन पेडांच्या पिळाचा आराखडा मांडला.

हा पीळ किती टिकतो? अणुचाचण्यांनी 1963च्या सुमारास हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला होता. तो गवतात उतरला, गवतातून दुधात, दुधातून वाढत्या मुलांच्या टाचांत. पुढे तो अजून उरला आहे का, हे कोपनहेगनच्या संशोधकांनी मोठ्या माणसांच्या घोडशिरांत मोजून पाहिलं. 2013 साली त्यांनी दाखवून दिलं की तिचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत विणून होतो, आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही.

सतराव्या वर्षी मी पहिल्यांदा सिंहगड चढलो, पावसात, निसरड्या वाटेनं, मित्रांच्या मागोमाग. कातडी बदलली, रक्त बदललं. आज पहाटे खिडकी उघडायला चवड्यांवर उभा राहिलो, तेव्हा त्या दिवशीचाच दोर ताठ झाला.