तीन हजारांतला लॅपटॉप

ज्याच्याकडे पैसे असतात तो बंद पडलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून मोकळा होतो. ज्याच्याकडे नसतात त्याच्यासाठी त्या बोर्डावरचा नेमका कोणता भाग गेला, हे शोधावं लागतं. माझी बहुतेक गिऱ्हाइकं दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि मला तीच कामं आवडतात. अंदाजानं एकेक भाग बदलून बघण्याची तिथे सोय नसते. मीटर घेऊन दोषापर्यंत पोचावंच लागतं.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात. घरून येणाऱ्या पैशांत खोली, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवायची असते. अशीच एक मुलगी मामाच्या ऑफिसातून बाद झालेला थिंकपॅड एक्स२२० घेऊन आली. २०११ सालचं मॉडेल. “काका, तीन हजारांत बसेल का? त्यापुढे जात असेल तर राहू द्या.” अडॅप्टर लॅपटॉपला जोडला की अडॅप्टरचाच दिवा विझत होता.

हे लक्षण बोलकं आहे. अडॅप्टर वीस व्होल्ट देऊ बघतो आणि समोर शॉर्ट दिसला की स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे अडॅप्टर शाबूत आहे, बोर्डावरची वीस व्होल्टची लाइन मात्र कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे.

हे मशीन उघडायला घेतलं की त्याच्या रचनाकारांबद्दल मनात आदर दाटतो. तळाच्या स्क्रूंशेजारी बारीक चित्रं आहेत: हा कीबोर्डचा, हा पामरेस्टचा. दुरुस्तीची पुस्तिका कंपनीनं सर्वांसाठी खुली ठेवली, स्क्रूंच्या मापांसकट. हे आपण बनवलेलं यंत्र पुढे कुणीतरी उघडणार आहे, हे गृहीत धरून केलेलं काम आहे.

आता खरा शोध. वीस व्होल्टच्या लाइनवर मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर बरेच असतात आणि सगळे समांतर जोडलेले असतात. त्यांतला एक आतून तडकून शॉर्ट झाला की मीटर प्रत्येकावर शॉर्टच दाखवतो. गुन्हेगार कोण, ते मीटरवरून कळत नाही. मग मी बेंच पॉवर सप्लायवरून त्या लाइनला एक व्होल्ट देतो, करंटला मर्यादा घालून, आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरतो. शॉर्ट झालेला भाग तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल इतरांच्या आधी उडून जातं. ओल्या, चकाकणाऱ्या बोर्डावर एक कोरडा ठिपका उमटतो. थर्मल कॅमेरा नसला तरी चालतं, फक्त डोळे हलवायचे नाहीत.

एकच व्होल्ट का? लाइन वीसची आहे म्हणून सरळ वीस देऊन धूर कुठून निघतो ते बघणारे कारागीर आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. दोष कपॅसिटरमध्ये नसून प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मॉस्फेटमध्ये असला, तर ते वीस व्होल्ट थेट प्रोसेसरवर जातात. एक व्होल्ट प्रोसेसर सहन करतो, वीस करत नाही. दुसऱ्याची वस्तू समोर असताना एवढी सबुरी हवीच.

कोरडा ठिपका चार्जिंगच्या भागाजवळ दिसला. हॉट एअरनं तो कपॅसिटर उचलला आणि शॉर्ट गेला. त्याच्याशिवायही बोर्ड चालू झाला असता, कारण शेजारी समांतर बसलेले बाकीचे होतेच. तरी भंगारातल्या बोर्डावरून तेवढ्याच मूल्याचा, पंचवीस व्होल्ट सोसणारा काढून मी तिथे बसवला. कमी व्होल्टेजचा बसवला तर तो आज चालेल आणि काही महिन्यांनी पुन्हा शॉर्ट होईल.

जिवंत झालेल्या मशीनवर पुढे खर्च कशाचा करायचा, यावर मात्र आमची चर्चा झाली. तिला स्क्रीन बदलायची होती. एक्स२२०ला आयपीएस पॅनेल बसतं आणि रंग खरोखर सुधारतात, पण रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८च राहतं. मी विचारलं, दिवसभर करणार काय? ती लिपिक-टंकलेखकाची तयारी करत होती. मिनिटाला मराठी ३० शब्दांचा वेग हवा. मग पैसे कीबोर्डवर जायला हवेत. थिंकपॅडचा सात ओळींचा जुना कीबोर्ड या पिढीबरोबर संपला. २०१२च्या एक्स२३०मध्ये सुट्या, चपट्या कळा आल्या, आणि हौशी लोक आजही त्यात जुना कीबोर्ड बसवतात, त्यासाठी काही संपर्क टेपनं झाकून फर्मवेअरही बदलतात. नकली नवा कीबोर्ड स्वस्त मिळतो, पण कळा डगमगतात. मी भंगारातल्या मशीनचा मूळ कीबोर्ड धुऊन-पुसून लावला.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली, सात मिलिमीटर जाडीची, कारण तिथे तेवढीच जागा आहे. जुन्या मशीनला इतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. रॅम आठ जीबी केली. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलली, फॅन साफ केला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, म्हणून लिनक्स मिंट घातलं. देवनागरीचे कळफलक त्यात आधीपासून असतात. क्लासचं सॉफ्टवेअर क्लासमध्ये आहेच, घरी बोटांना सराव हवा.

बॅटरी तशीच ठेवली. अभ्यासिकेत टेबलापाशी प्लग आहे. सेल बदलून स्वस्तात करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना देऊ नकोस, असं तिला बजावलं. लिथियमच्या सेलवर सोल्डरिंग गनचा डाग देणं धोक्याचं असतं, तिथे स्पॉट वेल्डिंगच लागतं.

झाकण लावण्याआधी रॅमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: कोणता कपॅसिटर बदलला, पेस्ट कोणत्या तारखेला लावली, दुरुस्तीनंतर त्या लाइनचा रोध किती आला. पुढे ज्या कुणाच्या टेबलावर हे मशीन जाईल, त्याला ही मोजमापं पहिल्यापासून करावी लागू नयेत.