मुंबईत घडलेले सागवानी जहाज

आपल्या बीडपासून समुद्र लांब. तरी या जहाजाच्या कारागिराचे आडनाव इथल्या कित्येक घरांना ठाऊक आहे.

‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश नौदलाची शिडाची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. लाकूड मलबारचे सागवान. आराखडे घेऊन निघालेले जहाज १८१२च्या अखेरीस अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेले, म्हणून आराखडे पुन्हा मागवावे लागले! इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ही नौका आजही पाण्यावर आहे. ब्रिटिश जहाज म्हणून तिचे कौतुक होते. घडवणाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

ते होते जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांचे आजोबा लवजी नुसरवानजी १७३६ मध्ये काही सुतारांना घेऊन सुरतेहून मुंबईला आले. या पारशी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. पुढे कापडगिरणी आली. ‘बॉम्बे डाइंग’ त्यांचीच.

आजारी लेकराला घेऊन मुंबई गाठणारे आपले लोक परळच्या ज्या वाडिया हॉस्पिटलात नंबर लावतात, तेही १९२९ मध्ये याच घराण्याने उभारले.