बंदूक, फासे आणि पाग

अमेरिकेत रानटर्की वाचली ती मुख्यतः शिकाऱ्यांच्या पैशावर. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. 1973 साली ‘नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन’ निघाली, तीही शिकाऱ्यांचीच. तेव्हा देशभरात टर्की होत्या सुमारे 13 लाख. पुढे त्या 60 लाखांच्या वर गेल्या. खुराड्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले होते, ते रानात टिकले नाहीत. मग रानातलेच थवे जाळ्यात धरून, जिथून टर्की नाहीशी झाली होती तिथे नेऊन सोडले. अलीकडे काही राज्यांत संख्या पुन्हा घसरते आहे. ती का घसरते, याच्या संशोधनालाही ही संघटना पैसा देते.

*

आपल्या मुलखात टर्की आली गोव्याच्या वाटेने. 1612 मध्ये मुकर्रब खान या सरदाराने ती गोव्याहून बादशहा जहांगीरकडे नेली. बादशहाने तिच्या डोक्या-मानेचे रंग कसे पालटतात ते बारकाईने लिहून ठेवले आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून तिचे चित्र काढून घेतले. जहांगीर पट्टीचा शिकारी होता. नजर शिकारीतच तयार झाली असणार.

*

मुंबईची ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ 15 सप्टेंबर 1883 ला आठ जणांनी स्थापन केली. त्यांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा भरणा मोठा होता. सलीम अलींचा या संस्थेशी संबंध आला तोही 1908 साली छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे. पुढे संस्थेने पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत देशातल्या शिकाऱ्यांनी टिपली आणि कड्यांची खबर मुंबईला कळवली. बदके कुठून येतात, हे आपल्याला त्यांच्यामुळे उमगले.

*

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला, 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेही संपले. हे योग्यच झाले. संस्थानिक आणि साहेब लोकांनी जी कत्तल केली तिच्यानंतर दुसरा मार्ग उरला नव्हता. परंतु पोटासाठी फासे लावणारा फासेपारधी त्याच कायद्याने गुन्हेगार ठरला. इंग्रजांनी त्याच्या जमातीवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का जेमतेम 1952 साली पुसला गेला होता!

*

अकोला जिल्ह्यातले वडाळा. तिथल्या फासेपारध्यांनी कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर गवताळ माळ राखायला घेतला तो तणमोरासाठी. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून दीड-दोन मीटर उंच उडी मारतो, पुन्हा पुन्हा. मादीला दिसावे म्हणून उडतो आणि नेमका शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. कुठल्या गवतात तो उतरेल हे पारध्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तीच जाण आता राखणीला लागली. टर्कीच्या गोष्टीशी जोडता येईल असे आपल्याकडचे उदाहरण मला हेच वाटते. फरक एवढाच की अमेरिकन शिकाऱ्याच्या हातात पैसा आणि परवाना दोन्ही होते; पारध्याकडे यांतले काहीच नव्हते.

*

2024 च्या सुरुवातीला महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात चीनला निघालेली मोराची सुमारे 28 लाख पिसे पकडली. कागदावर माल होता काथ्याची पायपुसणी. एवढी पिसे नुसती गळलेली गोळा केली असतील, की त्यांसाठी मोर मारले असतील?

*

या बंदराच्या परिसरात पक्षी बंदुकीने संपत नाहीत. भरावाने संपतात.

भरती चढली की न्हाव्यापासून शिवडीपर्यंतचा चिखल पाण्याखाली जातो. तेवढा वेळ तुतवार, चिखल्या, शेकाट्यांना पाय टेकायला उथळ जागा लागते. उरणजवळची पाणजे पाणथळ ही तशी जागा. ओहोटी लागली की थवे पुन्हा खाडीच्या चिखलावर. पाणजेचा जीव बांधाखालच्या नळांत आणि उघाड्यांत (झडपांत) आहे. नळ बुजला, की भरती आत येत नाही. आधी कडेच्या चिखलावर मिठाची पांढरी साय धरते, मग भेगा पडतात. निवटी दिसेनाशी होते. तिच्यामागून बगळा जातो, आणि बोयटांसाठी पाग टाकणारा कोळीही जातो.

कोळी हा पाण्यातला शिकारीच. भरावाविरुद्ध पहिली ओरड त्याचीच असते, कारण जाळे रिकामे आल्याचे त्याला त्याच दिवशी कळते. पारंपरिक मच्छीमार बचाव कृती समितीने लढा दिला आणि 27 फेब्रुवारी 2015 ला पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश बंदर चालवणारी जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना दिला. भरतीच्या पाण्याची वाट अडली, खारफुटी गेली, मासेमारीची जागा गेली, ही त्यामागची कारणे. निकालात पैसे माणसांचे होते, पण अडलेली वाट पक्ष्यांचीही होती.

न्हावा शेवा बंदर 1989 ला सुरू झाले. त्यापायी शेवा कोळीवाडा उठला आणि उरणला हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. खाडीवर हक्क सांगणारा माणूसच खाडीपासून दूर गेला, तर उघाडीवर लक्ष कोण ठेवणार?

*

नवी मुंबईतून कॅमेरे घेऊन पाणजेला जाणारे पक्षीमित्र पुष्कळ आहेत. त्यांना एक विनंती. पक्षी मोजाल तेव्हा नळ वाहता आहे की बुजलेला, हेही तारीखवार लिहून ठेवा, आणि ती वही मच्छीमारांच्या संघटनेकडे द्या. त्यांच्या तक्रार-अर्जाला ती जोडता येईल.