दहा गुंठे कोळसा

ज्याची उमेदीची बत्तीस वर्षे भूमी अभिलेखाच्या कचेरीत शेतजमिनीच्या मोजणीत खर्ची पडली, त्या माझ्यासारख्या माणसावर निवृत्तीनंतर वासाची मोजणी करण्याचा प्रसंग येईल, असे कोणी भाकीत केले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. परंतु हळद शिजू लागली की ज्या गावाची हवाच पिवळी झाल्याचा भास होतो, त्या वसमतेत हा प्रसंग माझ्याच घरी ओढवला.

तळमजल्यावरील खोलीत धाकट्या बंधूने वाळवून पॉलिश केलेल्या हळकुंडांची साठ पोती रचली होती. मोंढ्यात भाव उतरलेला. तो चढेपर्यंत माल हलवायचा नाही, असा त्याचा निश्चय. नेमकी त्याच सुमारास माझी पत्नी कर्करोगावरील उपचार घेऊन नांदेडहून घरी परतली. त्या औषधांनी तिची घ्राणेंद्रिये इतकी हळवी झाली होती की फोडणीच्या वासानेदेखील तिच्या पोटात ढवळे. "अहो, लग्नात हीच हळद अंगाला लावली होती ना," ती पदर नाकाशी धरून म्हणाली, "आता जिन्यातून वर आली की जीव नको होतो." बंधूस विचारावे तर तो म्हणे, "दादा, वहिनीचं कळतंय मला. पण आज विकली तर वर्षाची मेहनत मातीमोल होईल." दोन्ही कैफियती रास्त होत्या, आणि निवाडा माझ्याकडे आला होता.

प्रथम मी बाजारातून पात्यांचा एक्झॉस्ट पंखा आणून खिडकीत बसविला. वास गल्लीत गेला खरा. पण भिंतीच्या आधाराने वर चढून तो थेट तिच्याच खिडकीतून आत शिरला. मग जाळीच्या पेटीत चुलीतला कोळसा भरून ती पंख्यापुढे बांधली. पंखा घरघरत राहिला, हवा पेटीच्या फटींतून पळाली आणि वास जागच्या जागी राहिला.

अखेर नांदेडास वातानुकूलनाची कामे करणारा माझा पुतण्या आला. त्याने सांगितले ते मला, मोजणीच्या माणसाला, चटकन पटले. चुलीतला कोळसा निराळा आणि सक्रिय कोळसा निराळा. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा आठशे-नऊशे अंश उष्णतेत वाफेने कोरून काढतात, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म रंध्रे पडतात, आणि त्या रंध्रांच्या भिंती पसरून मोजल्या तर एका ग्रॅमचे क्षेत्र सुमारे हजार चौरस मीटर भरते. म्हणजे चिमूटभर कोळशाचा सातबारा काढला, तर त्यावर दहा गुंठे लागतील! हळदीचा पिवळेपणा कुरकुमिनचा. वास मात्र तिच्यातील उडून जाणाऱ्या तेलाचा, आणि अशा तेलाचे जड कण या भिंतींना घट्ट चिकटतात. गोठ्यातल्या अमोनियाला हा साधा कोळसा पुरत नाही. त्यासाठी आम्लाचा संस्कार केलेला लागतो.

मग मी फीत काढली. खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद, १० फूट उंच. एकूण ३००० घनफूट. सवयीने मी पोत्यांनी अडविलेली जागा पोटखराबा म्हणून वजा करू लागलो, तोच पुतण्याने हात धरला : "काका, वास देणारीच जागा वजा करता?" आकडा पूर्ण ठेवला. खोलीतील सगळी हवा सहा मिनिटांत एकदा बदलावी, या हिशेबाने मिनिटास ५०० घनफूट हवा ओढणे प्राप्त होते. परंतु पंख्याच्या पाटीवरील आकडा समोर काहीही आडवे नसतानाचा असतो. फिल्टर, नळी आणि नळीचे वळण यांत त्याचा तिसरा हिस्सा गळतो. म्हणून ७५० चा घेतला, आणि तोही पात्यांचा नव्हे, तर कोळशाच्या थरातून हवा दाबाने ओढणारा ब्लोअर. फिल्टर मात्र त्याहून थोरला, ८०० चा : फूटभर व्यासाचे, दोन फूट लांबीचे नळकांडे, त्यात दोन इंच कोळसा. कागदावर भागाकार केला, तेव्हा कळले की हवेला त्या थरात जेमतेम सेकंदाचा आठवा हिस्सा थांबावयास मिळतो. नळकांडे याच्या निम्मे असते, तर तेवढीही उसंत मिळाली नसती.

फिल्टर खोलीत छताशी टांगला, ब्लोअर त्याच्या पुढे, नळी शक्य तितकी सरळ बाहेर नेली. जिन्याकडील दाराच्या फटी कापडाने बुजविल्या, आणि मागच्या भिंतीत खालच्या अंगास हवा आत येण्यापुरता झरोका ठेवला. त्यामुळे खोली हवा आतच ओढू लागली आणि जिन्याकडे येणारी वाट बंद झाली. हळदीची धूळ रंध्रे बुजवू नये म्हणून नळकांड्यावर कापडी गवसणी चढविली. ती दर पंधरवड्यास झटकताना हात पिवळे होत.

तिसऱ्या दिवशी पत्नीने विचारले, "पोती हलवली का हो?" पोती जागची हलली नव्हती. श्रावणात मात्र वास पुन्हा थोडा डोकावला, कारण हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांपलीकडे गेली की पाणीच रंध्रांतून ठाण मांडून बसते. पण तोवर तिचे जेवण पूर्ववत झाले होते. दसऱ्याला भाव चढला, आणि बंधूने माल मोंढ्यात नेला.

त्यानंतर हळद भरणारे पुष्कळ जण पंख्याची चौकशी करावयास येतात. त्यांना माझे एकच सांगणे असते : दुकानात जाण्यापूर्वी खोली मोजा, पोटखराबा वजा करू नका, आणि फिल्टर पंख्याहून थोरला घ्या.