पाठीला पाठ

लांबलेल्या तापातून उठल्यावर आज पिंगुळीत पायीच फिरले. पायांत अजून बळ नव्हतं, म्हणून सगळंच सावकाश. राऊळ महाराजांच्या मठात थोडी टेकले आणि मग गुढीपूरची वाट धरली. तिथे ठाकर आदिवासी कला आंगण आहे. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कळसूत्री बाहुल्या पाहिल्या, चामड्याच्याही. मन अडकलं ते मात्र चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गायच्या कथेच्या, पोथीत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक प्रसंग गाऊन झाला की चित्र उलटायचं. समोरच्या चित्रातल्या टपोऱ्या डोळ्यांच्या बाईला आपल्या पाठीशी काय आहे ते कधीच दिसत नसणार, या विचाराने गलबलून आलं. तापात माझंही तेच झालं होतं. उद्याचा प्रसंग पाठीला चिकटलेला, आणि उलटणारा हात दुसऱ्याचा.

सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला, देवळांनी तिला श्रोते दिले. आता रात्रभर कथा ऐकायला कोण बसतं? मला बसायचंय. मे महिन्यात भाचरं येतील, त्यांनाही घेऊन जाईन.