साज चढविताना

माणसाचा स्वभाव प्रवासात कळतो आणि घोड्याचा साज चढविताना, असे मी लहानपणी समजत असे. त्यातील दुसरा समज चुकीचा होता, हे पुरते उमगावयास मला बरीच वर्षे लागली.

सोलापुरात टांगे धावत असत त्या काळची गोष्ट. शुक्रवार पेठेत आमच्या घरासमोर एक टांगेवाला राही. आम्ही मुले त्यास चाचा म्हणत असू. त्याची पांढरी घोडी गल्लीत गरीब म्हणून प्रसिद्ध होती. एका उन्हाळ्यात मात्र तिचे वागणे पालटले. चाचा खोगीर घेऊन येताना दिसला की ती कान मागे पाडी, शेपूट झोडपी, गोल फिरू लागे. आणि पोटाखालचा तंग आवळताच मान वळवून दात दाखवी. इकडे स्टेशनावर गाडीची वेळ होत आलेली, उतारू ताटकळलेले. चाचाचा आवाज चढे आणि मागोमाग चाबूक. लगाम धरावयाचे काम माझ्याकडे असे. ‘नाठाळ झाली आहे!’ असे मीही मोठ्या माणसाच्या ऐटीत म्हणत असे.

आठ-दहा दिवसांनी चाचाने साज बाजूस ठेवून तिच्या अंगावरून नुसता हात फिरविला. पुढच्या पायामागे, तंग बसतो त्या जागी हात जाताच ती थरारली. वाळलेल्या घामाने ताठ झालेल्या पट्ट्याने तेथील कातडी सोलून निघाली होती. चाचा मटकन खाली बसला. ‘‘बेटा, हिनं रोज सांगितलं, मीच ऐकलं नाही,’’ एवढेच तो म्हणाला.

जखम भरेपर्यंत त्याने टांगा जुंपला नाही. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या त्या घरात ते दिवस कसे गेले असतील, हा विचार त्या वयात माझ्या मनाला शिवला नाही. पुढे तो तंग धुऊन, तेल लावून मऊ करी. तो प्रथम सैल बांधी, घोडीचे पुढचे पाय एकेक करून पुढे ओढून कातडीच्या घड्या मोडी, तिला चार पावले चालवी आणि मगच बक्कल शेवटच्या भोकात घाली. घोडी स्वस्थ उभी असे.

मोठेपणी बर्लिनच्या हान्स घोड्याची हकीकत वाचली. टापा आपटून तो गणिते सोडवितो, म्हणून १९०४ साली त्याचा मोठा बोलबाला झाला होता. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट याने दाखवून दिले की, बरोबर आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हले आणि हान्स ती हालचाल टिपीत असे. अशा प्राण्यास आपल्या बोटांतील घाई आणि राग कळल्यावाचून कसा राहील? रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असे ग्रीक सेनानी झेनोफन इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगून गेला. घोडा आपणास वाचतो. आपण मात्र त्यास नाठाळ म्हणून मोकळे होतो.

आणि केवळ घोड्यासच नव्हे. वार्धक्याने माझ्या वडिलांचे बोलणे जवळजवळ सुटले होते. एके सकाळी सदरा घालताना ते हात ओढून घेऊ लागले. मला कचेरीची घाई. ‘‘अण्णा, जरा स्थिर बसा ना!’’ माझा आवाज चढला आणि त्याच क्षणी ती पांढरी घोडी डोळ्यांपुढे उभी राहिली. सदरा खाली ठेवून मी त्यांच्या खांद्यावरून हात फिरविला. खांदा सुजला होता.

किती दिवस ते मला सांगत होते, कोण जाणे!